वन्संच्या हातचं पनीर

माझी थोरली मुलगी चार वर्षांची असताना तिला मुदतीचा ताप आला. एकोणीसशे तिसाच्या पुढची ती वर्षं. आम्ही तेव्हा पोलादपुरात राहत होतो. माझे यजमान तिथल्या मराठी शाळेत मास्तर होते आणि घाटाच्या रस्त्याला लागून दोन खोल्यांचं कौलारू घर आम्हांला मिळालं होतं. मागे परस, परसात गोठा, गोठ्यात एक गाय. भातं झोडून झाली होती आणि सकाळी चुलीपुढून उठू नये अशी थंडी पडायला लागली होती.

नऊ दिवस झाले तरी ताप हटेना, तेव्हा यजमान मोटारीनं महाडला गेले आणि डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टरांनी मुलीची जीभ पाहिली, पोट हलक्या हातानं चाचपलं, आणि मला समोर बसवून सांगितलं, "बाई, हा ताप त्याच्या वेळेनं उतरेल. मी तो उतरवू शकत नाही. हिच्या आतड्याला जखमा झाल्यात. घट्ट काही पोटात गेलं तर आतडं फाटेल, मग माझ्या हातात काही नाही. भात नको, पेज नको, दूधसुद्धा नको. दूध फाडायचं, फडक्यातून गाळायचं आणि नुसतं पाणी पाजायचं. दोन-दोन तासांनी."

"दूध मुद्दाम नासवायचं?" मी विचारलं.

"मुद्दाम नासवायचं. आणि ताप उतरल्यावरही दहा दिवस असंच."

मी महाडची. माहेरी दूध नासलं तर आई ते पदराआड झाकून परसात नेऊन ओतायची आणि मग गाईच्या पाठीवरून हात फिरवून यायची. आपणहून दुधात आंबट घालायचं म्हणजे दुभत्या जनावराच्या आचळाला दृष्ट लावायची, असं ऐकत वाढलेली मी. तरी देवाला हात जोडून मी दुधात चिंच कोळली. पाणी निघालं तांबूस, गढूळ. मुलीनं दोन घोट घेतले आणि ओकली. दुसऱ्या दिवशी आंबट ताक घालून पाहिलं. पाणी पांढरट, त्यात कण तरंगणारे. ते पाजायची छाती होईना. पोर उकळून निववलेल्या पाण्यावर पडून राहिली. तिच्या पायांच्या नुसत्या काड्या झाल्या.

यजमान म्हणाले, "अक्काला बोलावतो. तिला हे येतं."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी नणंद. मी त्यांना वन्सं म्हणायची. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा यजमानांना त्यांनीच कडेवर वाढवलं होतं. लग्नानंतर दोन वर्षांत त्यांचे यजमान मुंबईला गोदीत अपघात होऊन गेले. पोटी मूल नव्हतं. मग त्या मुंबईतच एका पारशी कुटुंबात आया म्हणून राहिल्या, दहाबारा वर्षं. त्याच उन्हाळ्यात नोकरी सोडून त्या वाडीवर परत आल्या होत्या. का सोडली, ते कुणाला सांगितलं नव्हतं. वाडी पोलादपूरपासून दोन कोस, डोंगर चढून.

यजमानांचं आणि त्यांचं बोलणं चाललं की मला घरात पाहुणी असल्यासारखं वाटायचं. मास्तर म्हणून चारचौघांत शुद्ध बोलणारा हा माणूस बहिणीपाशी "नाय", "हाय" करायला लागे आणि माझ्याशी कधी हसत नसे असं हसे. तेव्हा त्यांना बोलावू नका, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मुलीकडे पाहून गप्प बसले.

वन्सं दुपारच्या आत आल्या. उंच बाई, कासोटा घट्ट मारलेला, पायांत मुंबईच्या वहाणा. आल्या आल्या हातपाय धुऊन चुलीपाशी बसल्या. मी ताकानं फाडलेलं दूध त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्याला नासका म्हंतात गो. फाडनं निराळं. शेजारनं दोन लिंबं आन."

शेजारी मुसलमान कुटुंब होतं, त्यांच्या परसात लिंबाचं झाड होतं. मी दोन लिंबं आणली. वन्संनी दूध पितळी पातेल्यात तापत ठेवलं. वर आलं तसं उतरवलं आणि तसंच राहू दिलं. मी म्हटलं, "घाला ना लिंबू." त्या म्हणाल्या, "घाई केली का रबर होतो." लिंबाच्या रसात त्यांनी ऊन पाणी मिसळलं आणि थेंब थेंब सोडत पळी एकाच बाजूनं फिरवत राहिल्या. बराच वेळ काही झालं नाही. मग पळीच्या कडेनं दूध थोडं तुटल्यासारखं दिसलं आणि बघता बघता पातेल्यात पांढरे ढग वेगळे झाले, मधलं पाणी हिरवट पिवळं, शहाळ्याच्या पाण्यासारखं स्वच्छ. "आता एक थेंब जास्त नाय," म्हणून त्यांनी लिंबाची वाटी बाजूला सारली आणि धोतराच्या धुतलेल्या फडक्यातून सगळं गाळलं.

पाण्यात चिमूटभर खडीसाखर घालून त्या मुलीजवळ गेल्या. चमच्यानं तिच्या ओठांना लावलं. मुलीनं जीभ फिरवली आणि डोळे न उघडता तोंड उघडलं. वाटीभर पाणी ती प्यायली. ते पोटात राहिलं.

यजमान दाराशी उभे होते. त्यांनी बहिणीकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मला आजही आठवते. त्या क्षणी मला मुलीच्या पोटात काही गेलं याचा आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण आधी छातीत काहीतरी टोचलं, आनंद त्याच्या मागून आला.

फडक्यात उरलेल्या गोळ्याला त्यांनी थंड पाण्याचा हात दिला, मीठ लावलं, पुरचुंडी बांधून पाटावर ठेवली आणि वर वरवंटा ठेवला. तासाभरानं फडकं सोडलं तर आत पांढरी शुभ्र, मऊ वडी. सुरीनं तिचे चौकोनी तुकडे केले. "ह्याला पनीर म्हंतात. आमच्या पारशिनीकडं टोपल्यांत घालून करायचे."

यजमानांनी भाकरीबरोबर चार तुकडे खाल्ले. "काय गोड लागतंय," ते म्हणाले. माझ्या ताटात दोन होते. मी म्हटलं, "मला नासकं चालत नाही," आणि उठून ते परसातल्या कोंबड्यांना टाकले. वन्संनी पाहिलं.

त्या दिवसापासून मुलगी माझ्या हातचं पाणी पिईना.

मी सगळं पाहून शिकले होते. दोन दिवसांत मला तसंच पाणी काढता यायला लागलं, तितकंच स्वच्छ. पण मी वाटी घेऊन गेले की ती मान फिरवायची. "आतेला देऊ दे," म्हणायची. तिला माझ्या हाताची चिंचेची आणि ओकारीची आठवण राहिली असेल. चार वर्षांच्या पोरीचं काय धरायचं. पण मी धरलं. एकदा मी वाटी ओठांशी नेऊन खोटंच म्हटलं, "आतेनंच केलंय हे." ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. रिकामी वाटी घेऊन मी गोठ्यात गेले आणि गाईच्या आड उभी राहून रडले. न प्यायली असती तर इतकं लागलं नसतं.

त्यापुढे मला दुसरं काही सुचेना. वन्सं तिचे केस विंचरायच्या, मी म्हणायची, गुंता ओढू नका. त्या तिला मुंबईच्या ट्रामची, समुद्राची गोष्ट सांगायच्या, मी मध्येच भांडी आपटायची. यजमान शाळेतून आले की आधी विचारायचे, "अक्का, आज काय म्हणते पोर?" मी तिथेच असायची. मुलीची आई मी, आणि मुलगी कशी आहे हे माझ्यासमोर दुसरीला विचारायचे.

तापाच्या बाविसाव्या दिवशी अंग निवलं. दुसऱ्या दिवशीही गार होतं. तिसऱ्या दिवशी यजमान शाळेत गेल्यावर मी वन्संना म्हटलं, "वाडीवरून निरोप आलाय. तुमची नाचणी झोडायला माणसं खोळंबलीत. तुम्ही गेलं पाहिजे."

त्या मुलीची वाटी घासत होत्या. "कुनी आनला निरोप?"

"बाजाराला आलेल्या माणसानं."

"आज बाजार हाय?"

बाजाराचा दिवस नव्हता. त्यांनी वाटी पालथी घातली, हात पुसले, खुंटीवरचं बोचकं काढलं. मुलगी झोपली होती. तिच्या अंगावरची वाकळ सारखी करून त्या मला म्हणाल्या, "दहा दिवस घट्ट काय देऊ नको. भूक लागंल तिला, रडंल. तू घट्ट ऱ्हा." आणि वहाणा घालून निघाल्या. सकाळचं पनीर त्यांनी शिंक्यावर झाकून ठेवलं होतं.

यजमानांना मी तेच सांगितलं, नाचणीचं. त्यांना ते पटलं.

दोन दिवस मी फार सुखात होते. मुलगी एकदोनदा "आते" म्हणाली आणि मग, दुसरं कुणी नाही म्हटल्यावर, माझ्या हातून प्यायला लागली. मी तिला मांडीवर घेऊन ओटीवर उन्हात बसायची. येणाऱ्याजाणाऱ्या बायका विचारायच्या, बरी आहे का, मी म्हणायची, बरी आहे. मीच सांगायची.

तापातून उठलेल्या पोराची भूक ज्यानं पाहिली नाही त्याला ती कळणार नाही. ती भाकरीच्या वासानं रडायची. तिसऱ्या दिवशी दुपारी मी दूध फाडून गोळा दाबून ठेवला होता, यजमानांसाठी. आता ते करणारी मी होते. मी तुकडे करत असताना मुलगी भिंतीला धरून चुलीपाशी आली, माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "आई, तो दे."

"नको बाळा. डॉक्टर रागावतील."

"एक दे. आते देत नाय."

त्या तीन शब्दांवर माझा सगळा विवेक गेला. आते देत नाही. वन्संनी जे दिलं नव्हतं, असं काहीतरी माझ्या हातात होतं. मी नीट विचार केला, असं मला वाटलं: दुधाचंच तर आहे, मऊ आहे, तोंडात घातलं की विरघळतं. मी एक तुकडा उचलून तिला दिला. तिनं तो चघळून चघळून खाल्ला. मग दुसरा मागितला. तोही दिला. तिनं माझ्या गळ्यात हात टाकले आणि गाल माझ्या गालाला लावला. आजारपणात पहिल्यांदा.

संध्याकाळी दिवे लागायच्या आधी तिचं अंग कढत झालं.

सकाळी यजमान पहिल्या मोटारीनं महाडला गेले. जाताना वाडीकडे निघालेल्या एका गुराख्याजवळ त्यांनी बहिणीला निरोप धाडला. वन्सं डॉक्टरांच्या आधी पोचल्या. मुलीला पाहिलं, पोटावर हात ठेवला, आणि मला मागच्या दाराशी नेऊन विचारलं, "काय दिलंस?"

"काही नाही."

"वैनी, मी तुझ्या नवऱ्याला सांगायला विचारत नाय. डाक्टरला कळाय हवं. काय दिलंस?"

मी बोटाच्या पेरानं दाखवलं. "दोन तुकडे."

"चावून खाल्लान का गिळलान?"

"चघळून."

त्यांनी श्वास सोडला. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि चुलीपाशी जाऊन दूध ठेवलं.

डॉक्टर आले. तपासून झाल्यावर त्यांनी आम्हां तिघांकडे पाहिलं. "हिला काहीतरी घट्ट दिलंय. कुणी दिलं?"

यजमान माझ्याकडे पाहायला लागले होते, तेवढ्यात वन्सं म्हणाल्या, "मी दिला डाक्टरसायेब. जाताना. पनीरचे दोन तुकडे. पोर रडत होती."

मग यजमान बहिणीवर जे बोलले ते मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. अडाणी म्हणाले, मुंबईत राहून काय शिकलीस म्हणाले, ज्यांची स्वतःची पोरं नसतात त्यांना काय कळणार, असंही म्हणाले. वन्सं मान खाली घालून उभ्या होत्या. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते आणि मी बोलले नाही. डॉक्टरांनीच त्यांना थांबवलं. म्हणाले, "पोट मऊ आहे. आतडं शाबूत असावं. पुन्हा पहिल्यापासून सगळं करा."

डॉक्टरांना मोटारीवर पोचवायला यजमान गेले, तेव्हा मी वन्संच्या पायांशी बसले. "तुम्ही का आपल्यावर घेतलंत?"

त्या फडकं पिळत होत्या. "मंग काय करू? पोरीला तू हवीस. नवरा तुला आज टाकून बोलला असता तर तू पोरीपाशी बसली असतीस काय? रडत बसली असतीस." फडकं झटकून त्या म्हणाल्या, "मुंबैला माज्या बाईनं मला काढली ती अशीच. तिचा पोरगा माझ्याबिगर जेवायचा नाय. एक दिवस त्याचं पोट बिघडलं. ती म्हनली, आयानं बाजारचं काय चारलंन. मी नाय दिलं, नाय दिलं म्हनत ऱ्हायले. बारा वर्सं काढली त्या घरात. सांजच्याला बोचकं घेऊन खाली."

मी म्हटलं, "मी तुमच्यावर जळत होते."

"ठावं हाय. नाचनी तर कवाच झोडून झालेली." मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "मी पन काय साधी नाय गो. पोर तुझ्याकडनं तोंड फिरवून माझ्याकडं बघायची तवा मला बरं वाटायचं. वाटी तुझ्या हातात देऊन मी बाजूला व्हायला हवं होतं. नाय झाले."

हे ऐकून माझं मन निवळलं असेल, असं कुणालाही वाटेल. खरं सांगायचं तर त्यांचं ते मोठेपण मला त्यांच्या पनीरपेक्षा जास्त बोचलं. गुन्हा माझा, आणि तोही त्यांनी माझ्यापेक्षा चांगला निभावला.

ताप आणखी अकरा दिवस राहिला. या वेळी वन्सं दूध फाडून पाणी गाळायच्या आणि वाटी माझ्या हातात देऊन परसात निघून जायच्या. मुलगी रडली तरी आत यायच्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मुलगी माझ्याकडून मुकाट्यानं प्यायली. यजमान बहिणीशी कामापुरतं बोलायचे. त्या वाढायच्या, ते ताटाकडे पाहत जेवायचे. दोघांमध्ये बोलणं नाही, हे मी कितीतरी वर्षं मनातल्या मनात मागितलं होतं. ते मिळालं तेव्हा त्या घरात जेवण घशाखाली उतरेना.

मुलीला पहिली पेज दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी वन्सं वाडीवर गेल्या. मुलगी ओटीवर बसून त्यांच्या पाठीकडे बघत रडत होती. मी तिला उचललं नाही, रडू दिलं.

त्याच दुपारी यजमान जेवायला घरी आले, तेव्हा मी ताट वाढलं आणि समोर बसून सगळं सांगितलं. निरोपाचं, तुकड्यांचं, डॉक्टरांपुढे गप्प राहिल्याचं. ते घास हातात घेऊन ऐकत होते. ऐकून झाल्यावर घास ताटात ठेवला, हात धुतला, डोक्यावर टोपी घातली आणि शाळेच्या उलट दिशेला, डोंगराच्या वाटेनं चालायला लागले.

ते दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले. पायांवर लाल धूळ होती. मी पाणी दिलं. पाय धुता धुता ते म्हणाले, "अक्का म्हणाली, तुला काही बोलायचं नाही. म्हणून बोलत नाही."

आणि खरोखरच ते कधी बोलले नाहीत. त्या रात्रभर बहीणभावंडांचं काय बोलणं झालं ते मला कधी कळलं नाही, आणि ते मला सांगावं असं दोघांपैकी कुणाला वाटलं नाही. शिमग्याला वन्सं आल्या तेव्हा मीच त्यांच्यापुढे पातेलं ठेवलं आणि वडी मऊ कशी राहते ते नीट विचारून घेतलं. माझी वडी नेहमी जरा कोरडी व्हायची. त्यांनी सांगितलं, दाबताना वजन कमी ठेव आणि फार वेळ ठेवू नको. मी तसं केलं. दोघी चुलीपाशी बसून भाकरीबरोबर जेवलो. चव चांगली होती. मुलीनं दोघींच्या वड्यांतला एकेक तुकडा खाल्ला, आणि आत्याच्या वडीतला आणखी एक मागितला. मी तो तिच्या ताटात वाढला.